दोन दारांची इमारत

आमच्या ऑफिसच्या इमारतीला दोन दारं आहेत आणि बांधली त्या दिवसापासून त्यांचं एकमेकांशी पटलेलं नाही. पुढचं दार वरच्या रस्त्यावर उघडतं. त्याला पितळी मुठी, रुंद पायऱ्या, वर दगडी कमान, सगळा थाट. मागचं दार खालच्या रस्त्यावर. ते लोखंडी, हिरवं, आणि खांदा लावल्याशिवाय हलत नाही. उतारावर इमारत बांधली की असंच व्हायचं. पुढून बघाल तर चार मजले, मागून बघाल तर पाच.

पुढच्या दारानं येणारे साहेब, बिलंवाले आणि नकाशेवाले आपल्या दारापासून मजले मोजतात. मागच्या दारानं येणारे फिटर, भांडारवाले आणि पूर्वीच्या टेलिफोनवाल्या आपल्या दारापासून. म्हणजे पुढच्यांचा पहिला मजला तो मागच्यांचा दुसरा, आणि पुढच्यांचा दुसरा तो मागच्यांचा तिसरा. एका नव्या साहेबाचं टेबल हमालांनी मागच्यांच्या हिशोबानं नेऊन ठेवलं, आणि तिथला कारकून आठवडाभर त्यावर हात पसरून साहेबासारखा बसला, असं सांगतात. मजल्यांच्या पाट्या लावायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. पण ज्या बाजूला पाटी पटायची नाही, ती बाजू ती उतरवून ठेवायची. चौकशी व्हायची, आणि कुणालाच काही माहीत नसायचं.

मागच्यांच्या तळमजल्याला पुढचे तळघर म्हणतात. ते मात्र मागच्यांना अजिबात खपत नाही.

"तळघर कसलं डोंबलाचं! आमच्या खिडकीतून अख्खं झाड दिसायचं," असं माझी आत्या अजून म्हणते. तिला निवृत्त होऊन जमाना झाला, पण इमारतीची बाजू घेताना अंगात वारं भरल्यासारखी उठून बसते.

ही शहराच्या पाणीखात्याची इमारत. आता खातं नव्या जागी चाललंय, काचेच्या, जिथं खिडक्या उघडतच नाहीत. जुन्या इमारतीचं संग्रहालय होणार आहे. माझ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "इतिहास लिहा इमारतीचा. छोटासा. लोकांना उभ्या उभ्या वाचता आला पाहिजे." मी प्रसिद्धी विभागात आहे. पाणी कधी येणार नाही हे गोड शब्दांत कळवणं हे माझं काम. इतिहास म्हटल्यावर मी आधी कुरकुरले आणि मग त्यात अशी बुडाले की जेवणाची सुट्टी संपल्याचंही भान राहीना.

खरं सांगायचं तर इमारतीनंच मला ओढून घेतलं. ती बांधणारा माणूस हट्टी होता. पाणीखात्याच्या इमारतीतून पाणी वाहिलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून वरच्या वस्तीला जाणारा मोठा नळ त्यानं मुख्य जिन्याच्या भिंतीतून नेला. खालून चढत तो पुढच्यांच्या पहिल्या मजल्यापर्यंत येतो आणि तिथून भिंत फोडून टेकडीकडे वळतो. संध्याकाळी वरच्या वस्तीचं पाणी सोडलं की त्या वळणावर भिंत घुमायला लागते. आजही. दुपारी तो नळ शांत असतो. पण दगड गार असतो आणि त्याला कान लावला की लांबून काहीतरी सरकत असल्यासारखं वाटतं. तशी कान लावून उभी असताना मला डुलकी लागायची. डुलकीत माणसं दिसायची: सुरळ्या काखेत मारून चढणारे नकाशेवाले, कमानीखाली छत्र्या झटकणारे लोक, पिशवीत लोखंडी पाने खुळखुळवत जाणारा फिटर. कुणाचीच पावलं वाजायची नाहीत. सगळे एखाद्या तळ्याच्या बुडाशी चालल्यासारखे हळू हळू जायचे, आणि मला वाटायचं, यांनी वळून माझ्याकडे बघावं. शिपाई येऊन म्हणायचा, "मॅडम, भिंतीला सोडा आता. भिंत पडायची नाही."

कागदपत्रांतून मला कोनशिला, पाहुणे आणि दगडांच्या खाणी सापडल्या. माणूस एक नाही. म्हणून एका संध्याकाळी मी आत्याला विचारलं. ती माझ्याकडेच असते. लग्न केलं नाही. का नाही, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही, आणि विचारणाऱ्याला तिनं उभं केलं नसतं.

आत्या टेलिफोनच्या बोर्डावर होती. त्या काळी इमारतीतला प्रत्येक फोन आधी बोर्डावर यायचा. समोर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या, कानाला पट्टा. फोन आला की भोकावरची पत्र्याची पाकळी खाली पडायची; ती पडली की त्या भोकात दोरी खुपसायची आणि म्हणायचं, "बोला." नाव सांगायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. वरचे लोक त्यांना बायका म्हणतच नसत. तलावावरच्या चौकीचा फोन हवा असला की म्हणायचे, "ए, बोर्ड! तलाव द्या."

"मग इमारत कशी होती तेव्हा?" मी वही उघडून विचारलं.

"मला काय विचारतेस? मी ती बघितली कुठे? आम्ही मागच्या दारानं यायचो, मागच्या दारानं जायचो. मुख्य जिना पुढच्यांचा. मी इमारत ऐकलीय फक्त."

आणि मग ती सुरू झाली. बिलांच्या खोलीचं छत उंच होतं, तिथला माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटायचा. मोठ्या साहेबांच्या खोलीत गालिचा होता, त्यामुळे त्यांच्या शिव्यासुद्धा मऊ यायच्या. कुणाची खुर्ची करकरायची, कुणाच्या खिडकीत पारवे घुमायचे, कोण बायकोशी बोलताना आवाज खाली आणायचा. ती डोळे मिटून सांगत होती आणि माझ्यासमोर एक वेगळीच इमारत उभी राहत होती, भिंती नसलेली, नुसत्या आवाजांची. माझी वही कोरीच राहिली.

"आणि नकाशांची खोली?" मी सहज विचारलं. "त्या खात्याचा एक जुना फोटो मिळालाय मला." मी पिशवीतून फोटो काढून तिच्यापुढे ठेवला. तीन रांगांत माणसं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर कडक इस्त्री.

आत्यानं फोटो उचलला आणि न बघताच टेबलावर पालथा घातला.

"चहा टाक," ती म्हणाली.

मला राग आला. मला राग पटकन येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "हे काय? मी एवढी धूळ खाऊन शोधून काढला."

"त्यातला तो कोण ते मला ओळखता येणार नाही. मी त्याला कधी पाहिलंच नाही. मग उगाच सगळ्यांची तोंडं का बघू?"

मी चहा टाकला. दुसरं काय करणार!

चहा घेता घेता तिनं सांगितलं. त्याला टेलिफोनवाल्या घसासाहेब म्हणायच्या. बोलण्याआधी घसा साफ करायची त्याला सवय होती, अगदी हलकी, दारावर टकटक केल्यासारखी. नळांचे नकाशे काढणं हे त्याचं काम. सकाळी पहिला फोन त्याचा, तलावाला. पाकळी पडली की आत्या म्हणायची "बोला", आणि तो घसा साफ करून विचारायचा, "आवाज येतोय का?" आत्या म्हणायची, "येतोय." मग ती तलाव जोडून द्यायची. कित्येक वर्षं एवढंच.

"एवढंच?" मी म्हटलं.

"तुम्हाला एवढंच वाटतं. इतर लोक बोर्डाला विचारत नसत. हुकूम सोडायचे. हा आधी विचारायचा." तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "आणि एक गंमत होती त्याची. ज्याच्याशी बोलेल त्याच्यासारखं बोलायचा. नकाशात गल्लीला आकडा असायचा, पण फिटरशी बोलताना म्हणायचा, 'चिंचोळ्या बोळाचा कॉक.' तलाववाल्याशी तलावाचं बोलायचा. समोरच्याला त्याच्या घरात जाऊन भेटायचा अगदी. मला ते फार आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, जीव लागला होता माझा त्या आवाजावर. झालं? लिही वहीत."

मी वहीत काही लिहिलं नाही.

मग एक दिवस शहराचा मुख्य नळ फुटला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो वरून नकाशा वाचत होता आणि आत्या खालून एकेका चौकीला दोरी लावून देत होती. हा कॉक बंद, तो उघडा, आता याला विचारा. दिवसभर त्यानं लाइन सोडली नाही. मधे कधीतरी त्यानं विचारलं, "बोर्ड, तुम्ही काही खाल्लंत का?" आत्या म्हणाली, "दोरी सोडली तर खाईन ना." तो हसला. नळ बंद झाला, शहर वाचलं, आणि लाइन तोडायच्या आधी त्यानं घसा साफ केला.

"म्हणाला, 'उद्या ऑफिस सुटल्यावर दुसऱ्या मजल्यावर, जिन्यातल्या गोल खिडकीपाशी भेटाल का?' मी म्हटलं, 'भेटेन.' आणि दोरी उपटून टाकली, म्हटलं पुढे काही बोलला तर माझा आवाज फुटायचा."

"मग? आला नाही?"

"आला की."

"मग?"

"मला बघितलं आणि परत गेला."

तिनं हे इतक्या साध्या सुरात सांगितलं की मला क्षणभर कळलंच नाही. माझी आत्या उंच आहे, चांगली ताडमाड. बोर्डावरच्या बायका तिला शिडी म्हणायच्या. मला आठवतं तशी ती पोक काढून चालते. फोटो काढायचा म्हटलं की आधी खुर्ची शोधते. आम्ही तिची चेष्टा करायचो, "आत्या, वाकून काय शोधतेस, पडलेली नाणी?" तीसुद्धा हसायची. आता ते हसणं आठवून मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"त्यानं बघितलं हे तुला कसं कळलं?"

"मी वर उभी होते. खालून पावलं आली. वळणाच्या अलीकडे थांबली. मग घसा साफ केला त्यानं. तो घसा मी हजारांत ओळखला असता. मी सवयीनं म्हटलं, 'बोला.' उत्तर नाही. परत म्हटलं. नाही. नुसत्या येरझाऱ्या. मग पावलं खाली निघून गेली." तिनं कप खाली ठेवला. "मान वर करून बघितलं असणार. बघितलं असेल, ही तर विजेच्या खांबाएवढी."

"तू खाली का नाही गेलीस?"

"मी का जाऊ? बोलावलं त्यानं!"

हा ताठा आमच्या घराण्याचाच आहे, माझ्यातही उतरलाय.

दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "इमारत बंद करणार म्हणतेस ना? मला एकदा तिथं उभं राहून बघायचंय. तिथून मी खरंच दिसत होते का ते. एवढं एकदा कळलं की झालं. दिसत असेन तर दिसत असेन. निदान खात्री तरी होईल."

आता कळून काय उपयोग, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिचे हात थांबले होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "जाऊ."

साहेबांना मी सांगितलं की इतिहासासाठी एका जुन्या बाईंना जागा दाखवायची आहे. ते म्हणाले, "न्या की. लिफ्ट बंद आहे, एवढं सांगा त्यांना."

आम्ही गेलो तेव्हा ऑफिस सुटलं होतं. बहुतेक खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. आत्या अर्थातच मागच्या दारानं आली. खांदा मी लावला. टेलिफोनच्या खोलीत आता मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता; बोर्ड कधीच काढून नेला होता, भिंतीवर त्याच्या आकाराचा फिका चौकोन राहिला होता. आत्या त्या चौकोनासमोर उभी राहिली आणि तिचा उजवा हात नकळत वर आला, दोरी धरल्यासारखा. मग ती खिडकीकडे वळली.

"झाड तोडलं मेल्यांनी," ती म्हणाली.

मधल्या अरुंद जिन्यानं आम्ही पुढच्या दालनात आलो. तिथं ती दबकली. पायातल्या चपला वाजू नयेत म्हणून हळू पाय टाकायला लागली, कुणी हटकेल अशी. मी तिचा हात धरला. मुख्य जिना समोर होता, रुंद, मधे झिजून खोलगट झालेला. संध्याकाळचं ऊन गोल खिडक्यांतून आत येत होतं. जिन्याच्या प्रत्येक मजल्याला एक अशी एकच गोल खिडकी आहे, आणि त्या वेळी प्रत्येक खिडकीचं एक पिवळं वर्तुळ समोरच्या भिंतीवर पडतं. आम्ही एकेक वर्तुळ ओलांडत वर चाललो. माझ्या डुलकीतली माणसं बाजूनं जात असावीत असं मला सारखं वाटत होतं. त्यांना वाट द्यावी म्हणून मी भिंतीला लागून चालले. आत्याही तशीच चालत होती.

पुढच्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या गोल खिडकीपाशी ती थांबली नाही. तशीच वर चढली, पुढच्या मजल्यावर गेली आणि तिथल्या खिडकीखाली कठड्याला हात लावून उभी राहिली.

"इथं," ती म्हणाली. "इथं उभी होते."

मी जरा गोंधळले. "आत्या, हा तर तुमचा तिसरा ना?"

"आमचा तिसरा, त्याचा दुसरा. मला काय मजल्यांचा घोळ माहीत नव्हता? सगळ्या खात्याला माहीत होता. मी मुद्दाम त्याच्या हिशोबानं आले. म्हटलं, त्याला शोधत बसायला नको."

तिला दम लागला होता. मी कठड्यावरून वाकून खाली बघितलं. खालच्या मजल्याची खिडकी दिसेना. मधे दगडाचा रुंद ओटा पुढे आला होता आणि जिना त्याच्या पोटात वळून नाहीसा होत होता.

"थांब," मी म्हटलं. "मी खाली जाऊन बघते तू दिसतेस का."

मी धावतच उतरले. खालच्या गोल खिडकीपाशी जाऊन मान वर केली, या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून, कठड्याला लोंबकळूनसुद्धा. वर दिसत होतं ते फक्त जिन्याचं दगडी पोट. आत्या सोडाच, तिच्या पदराचं टोकही दिसत नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी ओरडलेच, "नाही दिसत गं! काहीसुद्धा दिसत नाही!"

तेवढ्यात भिंत घुमायला लागली. वरच्या वस्तीचं पाणी सुटलं होतं. माझ्या कानाशीच नळ वळतो. आवाज कर्कश नव्हता, पण सगळीकडून होता, पोहताना डोकं पाण्याखाली गेल्यासारखा. वरून काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, रडतबिडत असेल. मी पुन्हा ओरडले, आणि तोंडातून तेच निघालं, कारण इतके दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"आत्या, आवाज येतोय का?"

काही नाही. नुसतं पाणी.

"आवाज येतोय का?"

मी वाट बघितली. इकडून तिकडे फिरले. मग मात्र मी चिडले. एवढी धावाधाव करून बघायचं आणि हिनं तोंडातून शब्द काढायचा नाही! पाय आपटत मी वर गेले.

आत्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"अगं, उत्तर का देत नाहीस?"

"दिलं," ती म्हणाली.

"कधी?"

"दर वेळी. तू म्हणालीस 'आवाज येतोय का', मी म्हटलं 'येतोय.' मग मी म्हटलं 'बोला.' तुझी पावलंसुद्धा येत होती. इकडून तिकडे. सगळं येत होतं."

इथं वर, नळाच्या एक मजला वर, अगदी शांत होतं. खालचं पाणी ऐकू येत होतं ते लांब कुठेतरी.

"मला काहीच आलं नाही," मी म्हटलं.

आत्या हळूच पायरीवर बसली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तो फिटरशी फिटरचं बोलायचा. तलाववाल्याशी तलावाचं." तिनं माझ्याकडे बघितलं. "तो बोर्डाशी बोलत होता गं. दुसरा मजला म्हणाला तो माझाच दुसरा म्हणाला. खालचा. तो खालीच उभा होता. वर यायचं त्याच्या मनातही नव्हतं. तो माझी वाट बघत होता."

"आणि तू त्याच्या दुसऱ्यावर."

"आणि मी त्याच्या दुसऱ्यावर. शहाणी मी."

मला वाटलं आता तिला बरं वाटेल. त्यानं तिला बघितलंच नव्हतं. ती उंच आहे की बुटकी, त्याला कधी कळलंच नव्हतं. इतकी वर्षं ती पोक काढून चालली ते उगाच. मी तिच्याजवळ बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हेच सगळं सांगायला लागले. ती ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांत मी म्हणत होते ते काही नव्हतं.

"त्यानंतर त्यानं काय केलं, माहितीये?" ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळी पडली. माझ्या शेजारच्या बोर्डवाल्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी दोरी लावली. त्यानं घसा साफ केला आणि विचारलं, 'आवाज येतोय का?'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, 'नंबर सांगा.'"

खिडकीचं पिवळं वर्तुळ भिंतीवरून छताकडे सरकलं होतं.

"तिसऱ्या दिवशी पण विचारलं त्यानं. रोज विचारायचा. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आणि मी रोज, 'नंबर सांगा.' एकदा तर म्हणाला, 'बोर्ड, माझं काही चुकलं का?' मी दोरी उपटली. मग त्यानं विचारणं सोडलं. मग तो तलावावर बदली मागून गेला. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा! म्हटलं, गेली ब्याद." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटत होतं मला नाकारलं. इतकी वर्षं मी तेच उराशी धरून बसले. आणि तो बिचारा तिथं उभा राहून घसा साफ करत होता. नाकारलं मीच गं. रोज सकाळी नाकारलं."

मी तिचा हात धरून बसले.

मग ती उठली. कठड्याला धरून सरळ झाली, पूर्ण सरळ, आणि मी कधी न पाहिलेली माझी आत्या माझ्यापुढे उभी राहिली. तिचं डोकं गोल खिडकीच्या मध्यापर्यंत पोचत होतं.

"तू इथंच थांब," ती म्हणाली.

"अगं, पायऱ्या झिजल्यात, मी येते."

"थांब म्हटलं ना. तेव्हा उतरायला हवं होतं, आता उतरते."

ती एकेक पायरी उतरत गेली. ओट्याच्या पोटात तिचं डोकं नाहीसं झालं आणि मग फक्त चपलांचा आवाज राहिला. तो खाली पोचला, थांबला, थोडा इकडे आला, थोडा तिकडे गेला. मी वर उभी राहून ऐकत होते. तिनं श्वास घेतलेलाही मला ऐकू येत होता.

तिनं घसा साफ केला. अगदी हलका, दारावर टकटक केल्यासारखा.

"येतोय हो," ती खालून म्हणाली. "रोज येत होता. सगळा आवाज येत होता."

मी वरून ओरडून तिला म्हटलं, आत्या, ऐकतेय मी. दोनदा म्हटलं. पण खाली भिंतीतून पाणी चाललं होतं, आणि माझं तिच्यापर्यंत काही पोचलं नाही.